स्कोप : साडेतीन हजारवाला की पंधरा हजारवाला? ज्यांनी घेतलाय त्यांनी लिहा

गच्चीवाला, राजेंद्रनगर, इंदूर

मंडळी, दिवाळीत एअर रायफल घेतली. साधी स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची, .१७७ इंची नळीची, २० ज्यूल ताकदीच्या आतली म्हणजे लायसन्सची भानगड नाही, दुकानात आधारची झेरॉक्स दिली आणि घेऊन आलो. गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत ११ मीटर मिळतात. भिंतीला जाड लोखंडी पत्रा, त्याच्यापुढे जुन्या चिंध्यांनी ठासून भरलेलं खोकं, त्यावर कागद. पाखरं-बिखरं अजिबात नाही, आधीच सांगून ठेवतो.

अडचण अशी की वय ४७. नेम धरायची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि कागद, तिन्ही एकदम दिसायचे दिवस गेले. चष्मा लावला की खाच दिसते आणि माशी जाते, काढला की कागद दिसतो आणि खाच जाते. म्हणून स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण. दुकानदार म्हणतो साडेतीन हजारवाला घ्या भिया, काय ऑलिंपिकला जायचंय का, आणि ऑफिसातला एक जण म्हणतो पंधराच्या खालचा घेतलास तर पैसे नाल्यात. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. तर ज्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलाय त्यांनीच लिहा, काय घेतलं, काय झालं, परत घ्याल का.

रामबागकर

दादा, माझी गोष्ट ऐका मग ठरवा. मला रायफलसोबत फुकट आला होता, ४x२० वाला, म्हणजे चारपट मोठं दाखवणारा आणि पुढची काच २० मिलिमीटरची, करंगळीपेक्षा थोडा जाड. पहिल्या रविवारी १० मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, मी खूश, घरी पोहे-जिलबी. दुपारी जेवून परत बसलो तर सगळे चार सेंटिमीटर डावीकडे. म्हटलं ऊन आलं असेल डोळ्यावर. परत स्कोपवरची घुंडी क्लिक-क्लिक फिरवून मध्ये आणलं. पुढच्या रविवारी परत वर-डावीकडे. मग मी काय काय केलं नाही, छर्रे बदलले, तीन डबे झाले, श्वास धरून बघितला, सोडून बघितला, रायफल घट्ट धरली, सैल धरली, सकाळचा चहा बंद केला की हात हलत असेल, दीड महिना मी असं समजून होतो की माझाच हात गेला. मग एकदा सहज स्कोप काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळ. अहो, आतली क्रॉसची नळीच सुट्टी झाली होती!

पैसे गेले नाहीत कारण फुकटचाच होता पण तो दीड महिना गेला ना. आणि स्वतःवरचा भरवसा गेला तो वेगळाच, नवा स्कोप लावल्यावरही दोन रविवार मी छर्रा बाहेर गेला की आधी स्कोपकडेच बघायचो.

रिटायर्ड, महू

रामबागकरांचा खुळखुळा का झाला ते सांगतो, कारण हे इथे सगळ्यांनाच लागू आहे. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दोनदा बसतो. घोडा दाबला की आतला जड पिस्टन पुढे सुटतो म्हणून रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन हवेच्या गादीवर आपटला की रायफल एकदम पुढे उडी मारते. खऱ्या बंदुकीवरचा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो, पुढच्या धक्क्याची त्याला सवय नाही. त्यामुळे मोठमोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला महाग स्कोपसुद्धा या खेळण्यावर काचा सोडतो, आणि लोकांना वाटतं एअरगन म्हणजे काय, हलकी चीज. तेव्हा किंमत नंतर विचारा, आधी विचारा की स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी चालतो असं कंपनीने लिहून दिलंय का.

दुसरं, माउंट. ज्याला तुम्ही लोक रिंग म्हणता. इथे कुणीच त्याच्यावर खर्च करत नाही. दोन वेगवेगळ्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घ्या, खाली पिन असलेला, ती पिन रायफलच्या वरच्या भोकात बसली पाहिजे, नाहीतर प्रत्येक फैरीला स्कोप केसभर केसभर मागे सरकत जातो आणि तुम्ही क्लिक फिरवत बसता. घरी तपासायला रिंगच्या मागे पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, पन्नास छर्ऱ्यांनी बघा. रेघ आणि रिंग यात फट दिसली की समजा.

तिसरं, चौकोन काढा. स्कोप नवा असो जुना असो, एका ठिपक्यावर नेम धरून तीन छर्रे, मग २० क्लिक उजवीकडे तीन, २० वर तीन, २० डावीकडे तीन, २० खाली तीन, नेम मात्र पूर्ण वेळ त्याच ठिपक्यावर. कागदावर चौकोन आला पाहिजे आणि शेवटचे तीन पहिल्या तिनांत जाऊन बसले पाहिजेत. साध्या पाव मिनिटाच्या (मिनिट कोनाचा, घड्याळाचा नव्हे) क्लिकला १० मीटरवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास सरकायला हवं, म्हणजे २० क्लिकला दीड सेंटिमीटर. फूटपट्टी लावा. मी आतापर्यंत ओळखीतल्यांचे सात-आठ स्वस्त स्कोप असे बसवून बघितले, दोन-तीनच चौकोन नीट काढतात. बाकीचे पतंग काढतात.

आणि हो, महूत आर्मीचं मार्क्समनशिप युनिट आहे, मी तिथला नव्हे. मी सिग्नलवाला. हे सगळं रिटायर झाल्यावर अंगणात शिकलोय.

सुदामानगरची ताई

मी वेगळंच लिहिते. मुलाला १० मीटरच्या क्लासला घातलं तेव्हा मी हौसेने आधी स्कोप आणला, नऊ हजारांचा, वाढदिवसाला. पहिल्याच दिवशी कोच सरांनी तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ताई, स्पर्धेत स्कोप चालत नाही. १० मीटर एअर रायफलला मागे बारीक भोकाची साइट असते, पुढे गोल रिंग, बस. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगला सोनं घेतलं ते असंच आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं ५० मीटरचं ब्राँझसुद्धा स्कोपशिवाय. आपल्या बाजूच्या खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर पण त्याच ५० मीटरच्या गटातला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी आपली डब्यावर क्रॉसचं चित्र बघून घेतला.

गच्चीवाल्या दादांना सांगायचं ते असं की तशी भोकाची साइट तुमच्या रायफलवर बसते का ते पण बघा. बारीक भोकातून बघितलं की चष्म्याचा त्रास पुष्कळ कमी होतो, माझे ५१ वर्षांचे डोळेसुद्धा मुलाच्या रायफलमधून माशी आणि कागद दोन्ही बघू शकले. स्कोप अजून कपाटात आहे, मुलगा त्यातून चंद्र बघतो.

विजयनगर, पीसीपीवाला

सगळे स्वस्तवाल्याला शिव्या घालतायत म्हणून लिहितोय. माझ्याकडे तीन हजार दोनशेचा ३-९x४० आहे, तीन वर्षं झाली, एकदा झिरो केला, म्हणजे नेम आणि छर्रा जुळवला, तो जुळवला. कारण माझी रायफल स्प्रिंगची नाही, पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून चालणारी आहे, तिला धक्काच नाही, स्कोपला काही सोसायचंच नाही. काच थोडी पिवळट दिसते, ९ वर नेलं की कडा धूसर होतात, म्हणून मी ६ वरच ठेवतो. कागदावरचा काळा गोल बघायला जर्मन काच कशाला लागते हो? २५ मीटरवर मला माझं भोक दिसतं, विषय संपला. वाचलेल्या पैशात चांगले छर्रे घेतले, ८.४४ ग्रेन वजनाचे चेक बनावटीचे, आणि छर्रे जवळजवळ पडण्यात जो फरक पडला तो स्कोपने पडला नसता.

मात्र एक कबूल करतो. मी क्लिकला हात लावत नाही. एकदा बसवल्यावर घुंड्यांवर टोप्या लावून टाकल्यात. महूवाल्या काकांचा चौकोन माझ्याकडून येईल असं वाटत नाही, आणि काढून बघायची हिंमतही नाही.

देवास रोड, शेतावरचा

मी उलट्या बाजूने फसलोय, हसू नका. भाऊ दुबईहून येणार होता, म्हटलं आणतोस तर मोठाच आण. ६-२४x५०, किंमत सांगत नाही कारण हे आमच्या घरी पण वाचतात. शेतावर नेला, बसवला, १० मीटरवर कागद लावला आणि आत बघितलं तर सगळं दुधासारखं. कितीही फिरवा. हा स्कोप १०० यार्डासाठी बनलेला, बाजूला फिरवायचं चाकच नाही, जवळचं त्याला दिसतच नाही. कमीत कमी ताकदीवर ६ वर आणलं तेव्हा कुठे गोल ओळखू आला.

आणि खरा लोचा पुढे. धूसर तर धूसर म्हणून मारत राहिलो तर छर्रे कुठेही. रायफल वाळूच्या पिशवीवर पक्की ठेवून, हात न लावता नुसतं डोकं डावी-उजवीकडे केलं तर क्रॉस कागदावर पोहतोय! यालाच पॅरलॅक्स म्हणतात हे नंतर कळलं. १०० यार्डाला बांधलेल्या ५० मिलिमीटरच्या काचेत डोळा पार कडेला गेला तर १० मीटरवर दोन सेंटिमीटरच्या वर चूक होऊ शकते, आणि एअर रायफलच्या कागदावरची वर्तुळं अडीच-अडीच मिलिमीटरची, हिशोब करा. गाल दर वेळी त्याच जागी टेकला तर चालतं म्हणे, पण माझा गाल काय मोजून टेकतो का.

मग मे महिन्यात त्यालाच ८० मीटरवर लावून बघितलं, तिकडे छान चालायला हवा होता. २४ वर नेलं तर शेतावरच्या गरम हवेच्या लाटा एवढ्या मोठ्या दिसायला लागल्या की कागद पाण्यात ठेवल्यासारखा. १० वर आणलं तेव्हा दिसलं. तर भिया, ताकद बघून घेऊ नका. पुढच्या काचेच्या गळ्यावर किंवा बाजूला अंतराची रिंग आहे का आणि ती १० मीटरपर्यंत खाली येते का एवढं दुकानात फिरवून बघा. तो स्कोप मी अर्ध्या भावात दिला. घेणारा माणूस खूश आहे, त्याच्याकडे लायसन्सची .२२ रायफल आहे.

कॅमेरा रिपेअरवाला

छोटं लिहितो. पावसाळ्यानंतर माझ्याकडे दर वर्षी तीन-चार स्कोप येतात, आत जाळं, म्हणजे बुरशी. फोमच्या बॅगेत घालून कपाटात चार महिने बंद ठेवतात लोक. ज्यात नायट्रोजन भरून सील केलंय तो सहसा येत नाही, आला तर सील फुटलेलं असतं. स्वस्तातला उघडून साफ करता येतो पण परत बसवल्यावर क्रॉस सरळ येईल याची गॅरंटी मी देत नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधाच्या बाटलीतल्या चालतील, आणि लेन्स बनियनने पुसू नका. विनंती आहे.

गच्चीवाला

वा, कमाल आहे तुम्हा लोकांची. ताई, भोकाची साइट विचारली, माझ्या मॉडेलला बसत नाही म्हणाला. मग मधला रस्ता काढला, आठ हजार सातशेचा ४x३२, पुढे अंतराची रिंग असलेला, स्प्रिंगला चालतो असं कागदावर छापलेला. एकसंध पिनवालं माउंट वेगळं, बाराशे. पण आता नवीन लफडं. वरची घुंडी शेवटपर्यंत फिरवली तरी छर्रे दोन-अडीच सेंटिमीटर खालीच, आणि त्या टोकाला गेल्यापासून एकेक छर्रा मनाला येईल तिकडे. खराब पीस आला का?

रिटायर्ड, महू

पीस बरा असेल, परत करू नका. नळी मोडायच्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, त्यात १० मीटर म्हणजे जवळचं अंतर आणि स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर, म्हणून घुंडी संपते. आणि घुंडी टोकाला गेली की आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग सैल पडते, मग महागातलाही खुळखुळ्यासारखा वागतो. घुंडी पहिल्यांदा मधोमध आणा, या टोकापासून त्या टोकापर्यंत क्लिक मोजून निम्म्यावर. मग मागच्या रिंगेत स्कोपच्या खाली फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी ठेवा. एका पट्टीने १० मीटरवर साधारण सव्वा-दीड सेंटिमीटर वर येईल. तीनपेक्षा जास्त पट्ट्या लागल्या तर ठेवू नका, नळी चेपते, त्यासाठी उताराचं, म्हणजे मागे उंच आणि पुढे खाली असलेलं माउंट मिळतं. स्क्रू एकाआड एक, तिरपे आवळा, पान्याच्या आखूड बाजूने, दात-ओठ खाऊन नको. आणि रायफल लाकडी दस्त्यात धरणारे स्क्रू तपासले का? पुढचे दोन?

गच्चीवाला

काका, लाकडाचा पुढचा उजवा स्क्रू पाऊण फेरा सैल निघाला! म्हणजे त्यातले काही छर्रे त्याच्याच नावावर. घुंडी मधोमध आणली म्हणजे छर्रे अजून खाली जाणार, म्हणून निगेटिव्हच्या तीन पट्ट्या घातल्या, बाकीचं क्लिक फिरवून वर आणलं. चौकोन काढला, शेवटचे तीन पहिल्या तिनांत नाही पण चिकटून आहेत, एक थोडा फटकून. रेघ मारून ठेवली आहे, आज १२० छर्रे झाले, फट नाही.

निगेटिव्ह आईच्या ट्रंकेतून काढल्या. कापून झाल्यावर उरलेली पट्टी उजेडाकडे धरून बघितली तर मामेभावाची मुंज निघाली, भिक्षावळीचे फोटो. तो पण इथे वाचतो कधीकधी. दादा, रंगीत प्रिंट आहेत सगळ्या, अल्बममध्ये बघितल्या मी.