साम्रदला तंबू: जून की डिसेंबर?

प्रश्न:
बरोबर आई (वय ६८) आणि नऊ वर्षांची लेक. सांदण दरीजवळ साम्रदला एक रात्र तंबूत राहायचंय. लेकीला काजवे बघायचेत, मला पाऊस आणि गर्दीची धास्ती आहे.

उत्तर १:
काजवे मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत. शनिवार टाळाच. आम्ही शनिवारी गेलो, तर भंडारदऱ्यापासून गाड्यांची रांग आणि हेडलाइटच्या झोतात काजवे दिसेनात. फार वाईट वाटलं. चमकणं म्हणजे त्यांची जोडीदाराला हाक. उजेडात ती ऐकूच जात नाही म्हणा ना! मंगळवार-बुधवार गाठा, बॅटरीला लाल जिलेटीन लावा. वळीव बहुधा संध्याकाळी येतो, तंबू उंचवट्यावर ठोका.

उत्तर २:
पाऊस सुरू झाल्यावर दरीत उतरू नका, हात जोडून सांगतो. त्या चिंचोळ्या भेगेत वरून लोंढा आला तर सरकायला जागा नाही. डिसेंबरातही आत पाणी लागतं, खडक निसरडे. आईंना रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर दाखवा, कोरीवकाम डोळे भरून बघतील.

प्रश्नकर्ती:
ठरलं. काजवे जूनच्या पहिल्या बुधवारी, दरी डिसेंबरात. तेव्हा थंडी किती?

उत्तर २:
पहाटे हुडहुडी भरते. आईंना कानटोपी आणि जाड गोधडी घ्याच.