कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात कोण जाऊन आलंय?

(सोसायटीचा ग्रुप, कोथरूड. रविवार सकाळ.)

नेहा, बी-५०३: शुभ सकाळ. एक मदत हवी होती. आईबाबांच्या लग्नाला येत्या शनिवारी ४० वर्षं होतायत. गल्लीच्या तोंडाशी जुन्या बंगल्यात ते नवं हॉटेल निघालंय ना, तिथे ११ जणांना घेऊन जायचा विचार आहे. कोण जाऊन आलंय? खरं खरं सांगा, जेवणाचे फोटो नकोत. आणि दोघांना यातलं काही माहीत नाहीये, तेव्हा जिन्यात वगैरे बोलू नका प्लीज.

मानसी, ए-१०२: सासरेबुवा या ग्रुपवर नाहीत ना?

नेहा, बी-५०३: छे, ते फक्त ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आहेत.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हॉटेलचं नाव इथे लिहू नये. दूधवाल्याच्या वेळी स्क्रीनशॉट बाहेर गेला होता आणि निस्तरायला मला जावं लागलं होतं.

रोहित, सी-६०२: आम्ही गेल्या शनिवारी गेलो होतो. बुकिंग ८:३० चं, टेबल मिळालं ९:०५ ला, स्टार्टर ९:४० ला. पिझ्झा आला तोवर पोरगा खुर्चीतच झोपला होता. बायकोचं ताट माझं जेवण संपल्यावर आलं. चव चांगली होती म्हणे. मी इतका वैतागलो होतो की मला चवीचं काही विचारू नका.

मानसी, ए-१०२: कमाल आहे! मी मंगळवारी दुपारी मैत्रिणीबरोबर गेले होते. २० मिनिटांत सगळं टेबलावर. शेफ स्वतः येऊन विचारून गेला. उठावंसं वाटेना.

रोहित, सी-६०२: मंगळवारी दुपारी तिथे तुम्ही दोघी आणि तो शेफ, एवढेच असणार.

कुलकर्णी काकू, ए-४०४: नेहा, मी सविस्तर लिहिते. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा मुलीने नेलं म्हणून, दुसऱ्यांदा मी म्हटलं म्हणून. मेनूकार्डावर नावं काहीच्या काही आहेत, त्याने घाबरू नका. थालीपिठाचा टाको म्हणजे छोटं थालीपीठ दुमडून आत काहीतरी हिरवं भरलेलं. भाजणी खमंग होती, पण ३४० रुपयांत चार घासांची तीन? माझ्या सासूबाई असत्या तर तिथेच उठल्या असत्या. सोलकढी काचेच्या उंच पेल्यात देतात, वर कोथिंबिरीची एक काडी. नारळाचं दूध डब्यातलं आहे, जिभेवर साय राहते ती लगेच कळते. भरली वांगी मात्र अप्रतिम. मसाला वांग्याच्या आत होता, कधी नव्हे ते! आणि त्यांचं ते वरणाचं रिसोटो आहे ना, त्यावर मी हसले होते, आता शब्द मागे घेते. इंद्रायणी तांदूळ वापरतात. तो मुळातच चिकट, वासाचा, त्यामुळे वरणात शिजून इतका मऊ मिळून येतो की वरून तुपाची धार पडल्यावर मी नावाचं दुःख विसरले.

देशपांडे काका, ए-२०१: इंद्रायणी हा आंबेमोहोर आणि आयआर-८ चा संकर. माहितीसाठी.

कुलकर्णी काकू, ए-४०४: बरं. हुरड्याचं मात्र बोलायचंय. जूनमध्ये मेनूवर "ताजा हुरडा भेळ"! अहो, हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, थंडीत डिसेंबर-जानेवारीत शेतावर जाऊन गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून खायची. जूनमध्ये कुठला ताजा? फ्रीजरमधला असेल, असू दे, चव वाईट नव्हती. पण मग "ताजा" कशाला लिहिता? त्या वेटर मुलाला मी विचारलं तर म्हणाला, "मॅम, इट्स सीझनल." मी म्हटलं, हो रे बाळा, तेच म्हणतेय मी.

मानसी, ए-१०२: 😂😂

देशपांडे काका, ए-२०१: बिलाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. आमचं खाण्याचं बिल २,८४०. त्यावर सेवा शुल्क १० टक्के, २८४. त्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ३,२८०. म्हणजे टिपेवरसुद्धा कर! सेवा शुल्क नसतं तर २,९८२ झाले असते. २९८ रुपयांचा फरक आहे.

रोहित, सी-६०२: काका, एवढी चांगली जागा आहे तर द्यायचे ना वर दोन-तीनशे.

देशपांडे काका, ए-२०१: द्यायचेच. पण मी द्यायचे, त्यांनी परस्पर घ्यायचे नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येणार नाही आणि दुसऱ्या नावानेही घालता येणार नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या. मी मॅनेजरला शांतपणे सांगितलं, "हे काढा." त्याने दोन मिनिटांत नवं बिल आणलं. वाद नाही, काही नाही. म्हणजे त्यालाही माहीत होतं! मग वेटरच्या हातात २०० रोख दिले. काढायला नकार दिला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

मानसी, ए-१०२: काका, मला तर बिल बघायचं सुचलंच नाही.

देशपांडे काका, ए-२०१: तेच तर त्यांचं भांडवल आहे.

रोहित, सी-६०२: आणि पाण्याची बाटली ९० रुपयांना? त्यावर छापील किंमत २० आहे. ते चालतं?

शिंदे, सी-१०३: ते चालतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही, कारण तिथे नुसती वस्तू विकत नाहीत, जागा आणि सेवाही असते. बसल्या बसल्या "साधं पाणी द्या" म्हणा, देतात. नाही म्हटलं नाही तर बाटली फोडूनच आणतात.

नेहा, बी-५०३: शिंदेदादा, तुम्ही तर हॉटेल लाइनमधले. तुमचं काय मत? मंगळवारी छान आणि शनिवारी वाईट, असं कसं? जेवण तेच ना?

शिंदे, सी-१०३: जेवण तेच, किचन तेच, तीच तर अडचण आहे ताई. मी १४ वर्षं किचनमध्ये काढली, म्हणून सांगतो. शनिवारी साडेआठ ते साडेनऊ या एका तासात सगळे येतात. सगळ्या टेबलांच्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम येऊन पडतात. त्यात डिलिव्हरीच्या अ‍ॅपचे टॅब बाजूला वाजत असतात, तेही याच किचनमधून निघतं. रोहित, तुझा पिझ्झा भट्टीतून दोन मिनिटांत निघतो. वहिनींचं रिसोटो असणार, त्याला १८-२० मिनिटं लागतात. दोन्ही एकाच टेबलावर एकत्र यायला हवीत तर पासवर, म्हणजे तयार ताटं बाहेर सुटतात तिथे, एक खमका माणूस उभा लागतो, जो पिझ्झावाल्याला सांगेल, "थांब, अजून टाकू नकोस." तो माणूस तिथे मंगळवारी असतो. शेफ. शनिवारी तो स्वतःच तव्यावर हात चालवत असतो, कारण पोरं कमी पडतात. मग जे तयार होईल ते सुटतं. मी पाच मिनिटं उभं राहून बघितलंय, काचेतून दिसतं सगळं.

रोहित, सी-६०२: रिसोटोच होतं. 🙏

शिंदे, सी-१०३: स्वयंपाक त्यांना येतो, नक्की येतो. जागा ६० खुर्च्यांची घेतली आणि किचन ३५ चं बांधलं. बंगल्यात असंच होतं, दर्शनी भाग सगळा गिऱ्हाइकाला, मागची मोरीची जागा आचाऱ्याला.

नेहा, बी-५०३: मग जाऊ की नको?

शिंदे, सी-१०३: जा. पण ७ ला बसा, ८:३० ला नको. आणि ११ जणांनी ११ वेगवेगळी नावं सांगायची नाहीत. पाच-सहा पदार्थ आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा, मधे ठेवून वाटून खा. किचन तुम्हाला दुवा देईल.

कुलकर्णी काकू, ए-४०४: आणि वांगी दोन प्लेट जास्त सांग. एका प्लेटीत चारच येतात.

मानसी, ए-१०२: एक राहिलं. आवाज! खाली कोटा फरशी, वर पत्रा, एक पडदा नाही. शनिवारी गाणी पण लावतात. तुझ्या सासऱ्यांना कानाचं मशीन आहे ना? त्यांना नुसता गलका ऐकू येईल गं. माझ्या बाबांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि मग तासभर सगळ्यांकडे बघून हसत बसले.

नेहा, बी-५०३: अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं आलं. बाहेर अंगणात टेबलं आहेत का?

मानसी, ए-१०२: चार आहेत, आंब्याखाली. पण पाऊस.

कुलकर्णी काकू, ए-४०४: आणि तिथे बाकडी आहेत, पाठ नसलेली. तुझ्या आईंची कंबर बघता नको.

(दुपारी १२:४०)

बी-५०३, नेहाचे सासरे: नमस्कार. मला पाटलांनी मागच्या महिन्यात पार्किंगच्या मतदानासाठी या ग्रुपवर घेतलं होतं. नेहा, सकाळपासून वाचतोय. मी आणि तुझी आई त्या हॉटेलात तीनदा गेलोय. बुधवारी सकाळी बँकेचं काम झालं की जातो. रिसोटो तिला आवडतं, एकात दोघांचं होतं. बुधवारी गाणी नसतात. डावीकडे खिडकीपाशी कोपऱ्यातलं टेबल आहे, तिथे मला मशीन लावून सगळं ऐकू येतं. तुम्हाला सांगितलं नाही कारण डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय.

नेहा, बी-५०३: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

नेहा, बी-५०३: बाबा!!! तीनदा??

रोहित, सी-६०२: काका 🙌

सेक्रेटरी: क्षमस्व, सदस्यांची यादी सांगायची राहून गेली.

बी-५०३, नेहाचे सासरे: शनिवारी घरीच पिठलं-भाकरी करू. बुधवारी ११ जण तिथे जाऊ. रजा काढा सगळे. आणि आईला यातलं काही बोलू नकोस, ती या ग्रुपवर नाही.

देशपांडे काका, ए-२०१: अभिनंदन वहिनींना आणि तुम्हाला. तीनदा गेलात, सेवा शुल्क काढून घेतलंत का?

बी-५०३, नेहाचे सासरे: तीनही वेळा भरलं हो.

देशपांडे काका, ए-२०१: बिलं जपून ठेवली असतील तर घेऊन या संध्याकाळी.