कुत्रं दारात झेपावतं ते मायेनं की भाकरीसाठी?

गोदाकाठ, नांदेड
"तुकडा टाकला की शेपूट हलवणारच" हे आपल्याकडं इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी विचारच करत नाही. मला ते अजिबात मान्य नाही. आपण घरी आल्यावर कुत्रं कुईकुई करतं, पायात घुटमळतं, अंगणाला दोन चकरा मारून परत येतं. ती माया आहे, आणि तिला पुरावाही आहे.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, फक्त शिकवून, एमआरआय यंत्रात निपचित पडायची सवय लावली. मग त्यांना ओळखीच्या-अनोळखी माणसांचे आणि कुत्र्यांचे वास दिले. काही चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की मेंदूतला जो भाग जागा होतो, तो ओळखीच्या माणसाच्या वासाला सगळ्यात जास्त चेतला. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाचं 2015 चं काम तर सरळ नजरेवरचं आहे. कुत्रं आणि मालक एकमेकांकडं बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. बाळाकडं बघताना आईच्या अंगात वाढतं तेच हे. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं दिसलं नाही.

कापूस-तूर, जिंतूर
भाऊ, यंत्रातलं राहू द्या, आमच्या शेतातल्या आखाड्यावर या. मी गेलो तर कुत्रं नुसती मान वर करतंय. सालगड्याची गाडी वढ्यापाशी वाजली की बांधाबांधानं पळत सुटतंय अन् त्याच्या पायात लोळतंय. कारण सांजच्याला भाकर तो टाकतोय. कुत्रं माझं, शेत माझं, पण त्याला मालकी कळत नाही, भाकर टाकणारा हात कळतोय. यात कुत्र्याला कमी लेखायचं नाही. जनावर इमानी हाय, मी बी जीव लावतो. पण माणसासारखी माया त्याच्या माथी मारू नका.

अंबाजोगाईची लेक
काका, आमच्या घरी उलटं आहे. भाकर आई घालते, दूध आई देते. पण फाटकाची कडी वाजली आणि बाबा असले की आमचा मोती वेडापिसा होतो. बाबांनी त्याला आजवर घास टाकलेला नाही. ते फक्त रात्री ओसरीवर बसून त्याच्या कानामागचे गोचीड काढतात. तोही मान तिरपी करून, डोळे मिटून त्यांच्या मांडीला रेलून बसतो.

कापूस-तूर, जिंतूर
म्हंजे फायदाच झाला की ताई. भाकर नाही, गोचीड काढणं. हिशोब तोच.

गोदाकाठ, नांदेड
मग आपल्या लेकराचं प्रेमही हिशोबच म्हणावं लागेल काका. तेही आधी दुधासाठीच आईला बिलगतं. सुरुवात गरजेतून झाली म्हणून पुढची माया खोटी ठरत नाही.

कयाधूकाठ, हिंगोली
आमच्या नर्सीच्या नामदेव महाराजांची गोष्ट लहानथोरांना माहीत आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले. एवढी माया लावली तर जनावर परत करणारच.

कापूस-तूर, जिंतूर
त्या गोष्टीत मोठेपण महाराजांचं हाय, कुत्र्याचं नाही.

पशुवैद्यकीय विद्यार्थिनी, उदगीर
दोन्ही बाजूंना थोडं अडवते. दादा, कुत्रं तोंड चाटायला बघतं त्याला आपण पापा म्हणतो. पण लांडग्याची पिल्लं शिकारीहून आलेल्या मोठ्यांचं तोंड चाटतात, म्हणजे ते पोटातलं अन्न ओकून देतात. म्हणजे मूळ भुकेतच आहे, इथं काकांचं बरोबर. पण मोठी झाल्यावरही हेच चाटणं अभिवादन म्हणून टिकतं, अन्न मिळो न मिळो.

आणि शेपूट हलली म्हणजे खूश, हे तर डोक्यातून काढाच. कंबरेपासून सगळं अंग हलतंय, कान मागं, डोळे मऊ, तोंड सैल, तर तो आनंद. शेपूट उंच, ताठ, नुसतं टोक थरथरतंय आणि अंग आखडलेलं, तर हात पुढं करू नका. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडं जास्त झुकते, दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडं. दारात लघवी करणारं पिल्लू तर बहुतेक वेळा "मी लहान आहे" एवढंच सांगत असतं. त्याला रागावलं की ते जास्तच करतं. आणि गळ्यात हात टाकून आवळणं अनेक कुत्र्यांना सोसत नाही. जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, अशा वेळी सोडून द्यावं. सगळ्यात जास्त चावे घरातल्या लेकरांना इथंच बसतात असं मला वाटतं.

चाकूरकर
हे लिहिलं ते बरं झालं. आमच्या कारवानी जातीच्या कुत्रीला लोक माणूसघाणी म्हणतात, कारण ती उड्या मारत नाही. मी आलो की ती येऊन मांडीला बरगडी टेकवते आणि दुसरीकडं बघत उभी राहते. तिची भेट तेवढीच. परक्याचा हात तिला खपत नाही.

दोन लेकरांची आई, संभाजीनगर
माया असो की भाकर, आमचा कुत्रा धाकट्याला पाडतो. तोंडही चाटतो. लाड म्हणून हे चालू द्यायचं का?

पशुवैद्यकीय विद्यार्थिनी, उदगीर
नाही ताई. उडी मारली की ओरडू नका, ढकलू नका, दोन्ही त्याला खेळ वाटतात. पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाली वाकून कुरवाळा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, नाहीतर उपयोग नाही. रेबीजची लस वेळेवर द्या. उघड्या जखमेवर चाटलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. इंजेक्शन टाळू नका.

गोदाकाठ, नांदेड
काका, बर्न्स यांच्याच गटानं 2016 मध्ये पंधरा कुत्र्यांवर खाऊ आणि मालकाची शाबासकी यांची तुलना केली. बहुतेकांच्या मेंदूत शाबासकीला खाऊइतकाच किंवा जास्त प्रतिसाद दिसला. तुमचा सालगडी रात्रभर जागलीला त्याच्यासोबत असतो. भाकर आणि सोबत तुम्ही वेगळी कशी करणार?

कापूस-तूर, जिंतूर
ते बरोबर बोललात. मग करूनच बघतो. आजपासून भाकर मी टाकतो, गड्यानं नुसतं सोबत राहायचं. तूर निघेपर्यंत कुत्रं कुणाकडं पळतंय ते कळंल.

पशुवैद्यकीय विद्यार्थिनी, उदगीर
काका, मग भाकर टाकून लगेच माघारी फिरा. बसलात, बोललात, कुरवाळलंत तर कशामुळं पळालं ते कळायचं नाही. आणि गड्याला सांगा, स्वतःच्या फडक्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही. तेच त्याला अवघड जाईल.