उपसा, दोहन की शोषण?

मूळ प्रश्न

भूजलावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करते आहे. लेखकाचं वाक्य होतं, "भूजलाच्या बेसुमार उपशामुळे जमीन खचली." संपादकांकडून ते असं परत आलं: "भूजल संसाधनांच्या अतिदोहनामुळे भूपृष्ठाचे अवतलन घडून आले." वाक्याला वजन आलं, पण पाण्याचं आणि जमिनीचं काय झालं, हे दोनदा वाचल्यावर कळलं. 'दोहन' आपल्याकडे हिंदीतून आलाय का? 'शोषण' चालेल का? की सगळीकडे सरसकट 'अतिवापर' लिहून मोकळं व्हावं?

प्रतिसाद

उपसाच ठेवा. उपसणं म्हणजे आत साठलेलं बाहेर काढणं. विहीर उपसतात, गाळ उपसतात, म्यानातून तलवार उपसतात, आणि काही माणसं जन्मभर कष्ट उपसतात. या शब्दात निंदा मुळीच नाही. उपसा सिंचन हा सरळ तांत्रिक शब्द आहे, आणि गाळाचा उपसा तर चांगलंच काम. दोष येतो तो 'बेसुमार'मधून. सुमार म्हणजे गणती, अंदाज. आत किती झिरपतं याचा हिशेब न ठेवता काढलेलं पाणी म्हणजे बेसुमार उपसा. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'अतिदोहन' कशाला?

'खचणे'सुद्धा सोडू नका. धसणं अचानक होतं. खचणं हळूहळू, आतून. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात शेतीसाठी भूजल काढत राहिल्याने जे झालं ते हेच. तिथला एक प्रसिद्ध फोटो आहे. जोसेफ पोलंड हे शास्त्रज्ञ विजेच्या खांबाला लागून उभे आहेत. त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर खांबावर पाटी आहे 1925 ची, त्याखाली 1955 ची, आणि पायाशी 1977 ची. त्या त्या वर्षी जमीन तिथे होती! फरक जवळजवळ 9 मीटरचा. चिकणमातीच्या थरांतलं पाणी वरचा भार तोलून धरत असतं. ते काढलं की थर दबतात, आणि मागाहून कितीही पाऊस झाला तरी पूर्वीसारखे फुगत नाहीत. म्हणजे जमीन तर खालावतेच, पाणी साठवायची जागाही कायमची कमी होते. 'अवतलन' वाचून यातलं काही डोळ्यांपुढे येतं का?

प्रतिसाद

दोहनाची बाजू घेतो. शब्द संस्कृत आहे, दुह् म्हणजे दूध काढणे. या अर्थाने तो आज हिंदीत जास्त चालतो हे खरं, पण कल्पना आपल्याला परकी नाही. पृथू राजाच्या कथेत पृथ्वी गाय होते आणि तिचं दोहन होतं. त्या कथेत आधी वासरू लागतं, मनूला वासरू केल्याशिवाय धार निघत नाही. म्हणजे दोहनात वासराचा वाटा गृहीत आहे. तो न ठेवता काढलं तर ते दोहनच नव्हे, आणि 'अतिदोहन' हा शब्द त्यामुळे थोडा विचित्रच.

पण तो सगळीकडे लागू पडत नाही, हेही कबूल. गायीला चारा घातला की दूध पुन्हा येतं. कोळशाच्या खाणीला काय घालणार? जंगल, मासे, झरे यांच्याबद्दल दोहन म्हणावं. खनिजांचं उत्खननच.

प्रतिसाद

माशांनाही दोहन नको. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा शतकानुशतकं पकडला जात होता. मग मोठमोठी जहाजं समुद्राच्या तळावरून जाळी ओढू लागली, त्यात लहानमोठं सगळंच आलं. जुलै 1992 मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. बंदीनंतर कितीतरी वर्षं मासा सावरला नाही. याला मराठीत सरळ 'खरवडणे' म्हणतात. पातेल्याच्या बुडाला लागलेलंसुद्धा काढायचं.

'शोषण'बद्दल: मूळ शुष्, सुकवणे. भूजलाला अक्षरशः शोभला असता, पण आज शोषण म्हटलं की मालक आणि मजूर डोळ्यांपुढे येतात. त्याला तिथेच राहू द्या.

प्रतिसाद

सगळ्यालाच उपसा म्हणू नका एवढं सांगायला आलो. मध्य आशियातला अरल समुद्र एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. त्यातून कुणी पंप लावून पाणी उपसलं नाही. 1960 च्या सुमारास अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि सरोवराची आवकच तुटली. 2007 पर्यंत साधारण दहावा हिस्सा उरला. मुयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या आहेत आणि उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ, शेतातून वाहून आलेल्या रसायनांसकट, वाऱ्यावर उडतं.

इथे आपण सहज लिहितो, "अरल समुद्र आटला." जणू ऊन जास्त पडलं. दूध आपोआप आटत नाही, चुलीवर ठेवून आटवावं लागतं. तसंच अरल समुद्र *आटवला*. एका अक्षराचा फरक, पण कर्ता परत येतो. 'पर्यावरणाचा ऱ्हास' या लाडक्या शब्दाचीही हीच अडचण आहे. ऱ्हास 'होतो', 'अमक्याने ऱ्हास केला' असं सहसा कुणी लिहीत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांना तो इतका का आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद

जाता जाता 'शाश्वत विकास'. शाश्वत म्हणजे चिरंतन. एवढा मोठा दावा कोण निभावणार? 'टिकाऊ' म्हटलं तर बूट-चपला आठवतात. या कल्पनेचा उगम मात्र अगदी व्यवहारातला आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीतले खाण-अधिकारी कार्लोवित्झ यांनी 1713 मध्ये ती मांडली, कारण धातू वितळवायच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, एवढंच म्हणणं. आपल्याकडे याला 'पुरवून पुरवून वापरणे' म्हणतात. संज्ञा म्हणून चालणार नाही, पण वाक्यात सुंदर बसतं. आणि हो, म्हणसुद्धा 'तळे राखी तो पाणी चाखी' अशी आहे. चाखी, उपशी नव्हे!

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'अतिवापर'चा निकाल माझा मीच लावला: ज्यात वस्तू संपत नाही त्यालाही वापरच म्हणतात, त्यामुळे तो इथे फार मवाळ वाटतो. 'पुनर्भरण'ऐवजी 'पाणी जिरवणे' सुचवून पाहिलं, तर संपादक हसले, म्हणाले वाचकांना वाटेल कुणाची तरी जिरवायची आहे. तेवढं सोडलं. लेख उद्या छपाईला जातोय. 'उपसा' राहिला, 'खचली' राहिली, 'अवतलन' गेलं. 'संसाधन' मात्र शीर्षकात ठाण मांडून बसलंय.