मदत हवी आहे : एक्सेलमधली यादी टेबलात बसवायची आहे, माहिती जाईल याची भीती वाटते

पऱ्हाटी :
नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात महिला ग्रामसंघाचं हिशोब लिहिण्याचं काम करते. 14 गट, 152 बाया. नाव, गट, आधार, खाते क्रमांक, बचत, सगळं एक्सेलमध्ये आहे. आधी लिहिणारी ताई लग्न होऊन गेली, लॅपटॉप माझ्याकडे आला. मी दिवाळीनंतरच शिकले.

सोमवारी यादी बँकेत द्यायची आहे, नीट टेबल करून. काल सगळं निवडून फॉन्ट बदलला, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आली. जिथं 'नाव' होतं तिथं 'यू के ओ'. घाबरून सेव्ह न करता फाईल बंद केली. पुन्हा उघडली तर नावं जागेवर आहेत. पण आधारच्या रकान्यात 12 आकडे दिसत नाहीत, मध्ये टिंब अन् शेवटी ई, अधिक, 11 असं काहीतरी दिसते. ते माझ्यामुळे झालं का?

अजून एक. गटाचं नाव दहा-अकरा ओळींत परत परत येते. ते खाने मर्ज करून, म्हणजे जोडून एक करून, नाव एकदाच मधोमध ठेवू का? एकीचाही खाते क्रमांक चुकला तर तिची रक्कम अडकेल, म्हणून हात लावायला धीर होत नाही.

जवस :
ताई, सेव्ह न करता बंद केली, ते अगदी बरोबर केलं. आता पहिले फाईलची कॉपी करा, नावात तारीख टाका, अन् काम कॉपीवरच करा. लाईन कधीही जाते, म्हणून दर थोड्या वेळाने कंट्रोल एस.

नावं कृतिदेवमध्ये टाईप केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये 'न' म्हणजे आतून इंग्रजी यू, काना म्हणजे के, 'व' म्हणजे ओ. फॉन्ट बदलला की आतली अक्षरं उघडी पडतात, पुसली जात नाहीत. पुन्हा कृतिदेव दिला की नाव परत येते. नावांच्या रकान्याचा फॉन्ट बदलूच नका. बँकेच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर तिथंही असंच दिसेल, म्हणून सोबत छापील प्रत न्या.

आधारही तुमच्यामुळे बिघडला नाही. 11 आकड्यांच्या वरची संख्या एक्सेल आखडून दाखवते. त्या खान्यावर क्लिक करून वरच्या लांब पट्टीत बघा, पूर्ण 12 आकडे दिसतील. रकाना निवडून 'नंबर' करा, दशांश शून्य ठेवा.

खाते क्रमांकाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथं खरंच नुकसान होते. एक्सेल संख्येचे 15 आकडेच धरते, 16 वा असला तर तिथं शून्य बसते. सुरुवातीची शून्यंही उडतात. उडाल्यावर रकाना 'टेक्स्ट' केला तरी ती परत येत नाहीत. आधी 'टेक्स्ट' करायचं, मग क्रमांक टाकायचा.

मर्ज करूच नका. वरच्या डाव्या खान्यातलं तेवढं राहते, बाकीचं जाते. शिवाय पुढे नावं क्रमाने लावायला गेलात की एक्सेल अडते. गटाचं नाव प्रत्येक ओळीत असू द्या.

टेबलासाठी माहितीत कुठेही क्लिक करून कंट्रोल टी दाबा, मथळ्यांच्या चौकटीत खूण ठेवा, झालं. मग क्रम लावला की पूर्ण ओळ सोबत हलते. टेबल न करता एकच रकाना निवडून क्रम लावला अन् एक्सेलने विचारल्यावर 'आहे तेवढंच' म्हटलं, तर एकीच्या नावापुढे दुसरीचं खातं येते. तसं झालं तर लगेच कंट्रोल झेड दाबून मागे घ्या.

पऱ्हाटी :
भाऊ, कॉपी केली, कंट्रोल टी केलं, बाया जिथल्या तिथं आहेत. आधारही पूर्ण दिसले. पण एकाच बँकेच्या खात्यांत सात क्रमांक बाकीच्यांपेक्षा एका आकड्याने कमी आहेत. समोर शून्य लावून देऊ का?

जवस :
नको ताई. शून्यच उडालं असेल असं नाही, टाकताना मधला आकडाही सुटू शकतो. साती जणींची पासबुकं मागवा.

पऱ्हाटी :
चौघी आमच्याच आळीतल्या आहेत, आत्ताच जाते. तिघी कापूस वेचायला गेल्या, त्या दिवेलागणीला येतील.