बेसाल्ट, बसॉल्ट की बॅसॉल्ट?

कातळखूण: दख्खनच्या काळ्या कातळाचं हे नाव मराठीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. माझं मत, 'बसॉल्ट' लिहावं. इंग्रजीत आघात पहिल्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) असेल तर 'बॅ-सॉल्ट', दुसऱ्यावर असेल तर 'ब-सॉल्ट'. 'बे' दोन्हींत नाही. विशेषणात तर आघात 'सॉल'वरच पडतो: ब-सॉल्-टिक. नाम आणि विशेषण जुळवायचं तर 'ब'च हवा.

खिळेजुळारी: साफ अमान्य. विश्वकोशात 'बेसाल्ट', शालेय भूगोलात 'बेसाल्ट'. शोधखिडकीत 'बसॉल्ट' टाकणाऱ्या मुलाच्या हाती यातलं काय लागणार? आणि मूळ उच्चारच हवा, तर इंग्रजीपाशी का थांबता? जर्मन लोक 'बा-झाल्ट' म्हणतात, आणि १५४६ साली हे नाव सॅक्सनीतल्या खडकाला लावणारा खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोला जर्मनच होता. त्याने ते प्राचीन रोमन लेखक प्लिनीकडून उचललं, आणि तिथला 'बसाल्टेस' म्हणजे 'बसानाइटेस' या शब्दाची नक्कल करताना झालेली चूक असावी असं मानतात. चुकीचा शुद्ध उच्चार शोधताय!

मात्रामोजणी: तुम्ही दोघं 'ब'वर भांडताय, खरी अडचण शेपटीला आहे. इंग्रजीत अवयव दोनच. मराठीत शेवटी जोडाक्षर आलं की 'रक्त', 'शब्द'सारखा पुसट 'अ' सुटतो: बे-साल्-ट, २+२+१, पाच मात्रा. 'बसॉल्ट'च्या चार. आता 'बेसाल्टचा थर' मोठ्याने वाचा. ल्, ट्, च् लागोपाठ येतात, म्हणून घाईत 'ट' गिळला जातो आणि ऐकू येतं 'बेसाल्चा'. सामान्यरूप करा, 'बेसाल्टाचा'. 'ट' पुढच्या अवयवात जातो: बे-साल्-टा-चा. जीभ अडत नाही.

खिळेजुळारी: हे पटलं. छपाईतही तेच. ओळ तोडायचीच तर 'बे-'नंतर. 'बेसा-' वर आणि 'ल्ट' खालच्या ओळीच्या तोंडाशी आला, की वाचणारा ठेचकाळतोच.

कातळखूण: सामान्यरूप 'बसॉल्टाचा' असंही होतं, त्याने 'बे' सिद्ध होत नाही. दुसऱ्या एका खडकाला जर्मनीत 'ग्नाइस' म्हणतात, आपण इंग्रजीसारखा 'ग' गाळून 'नाइस' लिहितो. तिथे इंग्रजी कान चालतो, इथे का नाही?

खिळेजुळारी: 'नाइस' रुळलाय म्हणून चालतो. बेसाल्टही रुळलाय. निकष एकच आहे, कानाचा नाही, वापराचा.

कातळखूण: मग निदान शब्दसूचीत 'बसॉल्ट: बेसाल्ट पाहा' एवढी ओळ तरी टाका.