अ‍ॅरिझोनातल्या आर्कोसांतीला बांधकाम शिकायला जायचंय, घरचे म्हणतात पैसे देऊन बिगाऱ्याचं काम कोण करतं?

तटाकडचा_आर्किटेक्ट:

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचाच, आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष चालू आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्सपासून साधारण ११० किलोमीटर वर उत्तरेला आर्कोसांती म्हणून एक वसाहत आहे, पाओलो सोलेरी नावाच्या इटालियन आर्किटेक्टनं १९७० साली सुरू केलेली. त्याचं म्हणणं असं की शहरं आडवी पसरवत नेण्यापेक्षा दाट आणि आटोपशीर बांधा, गाडी लागणारच नाही, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आजूबाजूची जमीन मोकळी राहू दे. त्याला तो आर्कोलॉजी म्हणायचा. आणि हे सगळं बांधलंय कुणी तर बाहेरून शिकायला आलेल्या पोरापोरींनी, तेही फी भरून.

मला तिथं वर्कशॉपला जायचंय. घरी विषय काढला तर बाबा (सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी खाली फळ्या-बल्ल्यांचा आधार उभा करायचे कॉन्ट्रॅक्टर आहेत) म्हणाले, वाळू चाळायची एवढी हौस असेल तर उद्यापासून साइटवर ये, मी उलट हजेरी देतो. आई म्हणाली तिथं विंचू असतात म्हणे. आता दोघांनाही काय उत्तर देऊ?

कुणी तिथं राहून आलंय का? दिवस कसा जातो, जेवणखाण काय, आणि मेन म्हणजे खरंच हातानं बांधायला मिळतं का नुसतं झाडू मारायला लावतात? आणि जे शिकेन ते इकडं आपल्याकडं कशाला उपयोगी पडेल?

आजरा_ते_अ‍ॅरिझोना:

मी राहून आलेय, आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं फी आणि कोर्सचं आत्ताचं काय ते त्यांनाच ईमेल करून विचार. आमच्या वेळी पाच आठवड्यांचं असायचं, पहिला आठवडा लेक्चर आणि फिरून बघणं, मग उरलेले आठवडे काम. आता वेगळे प्रोग्रॅम आहेत असं ऐकते. व्हिसाचं आधीच नीट विचारून घे बरं का, टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करणं चालत नाही, ही गोष्ट हलक्यात घेऊ नको.

आईला सांग विंचू आहेत, रॅटलस्नेक पण आहेत, बूट घालायच्या आधी झटकायचे, बास. वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर राजस्थानची वाळू येते, तसलं काही नाही. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, खाली अग्वा फ्रिया नदीची घळ, खडक, निवडुंग, खुरटी झुडपं. उन्हाळ्यात दुपारी अंगाची लाही होते आणि हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. जुलै-ऑगस्टात ते लोक मान्सून आला मान्सून आला करून नाचतात, दुपारी ढग येतात, धाडधाड पडतं आणि तासाभरात ऊन. आमच्या आजऱ्याच्या माणसाला त्याला पाऊस म्हणवत नाही, पण असो.

राहायला आम्हाला खाली दरीत कॅम्पवर दिलेलं, आठ बाय आठ फुटाच्या काँक्रीटच्या खोल्या, शेजारी सामायिक बाथरूम. सकाळी ऊन तापायच्या आत टेकडी चढून वर कामावर यायचं, दुपारी कॅफेत सगळ्यांनी मिळून जेवायचं. कॅफे, बेकरी आणि घंटांचं दुकान एकाच बिल्डिंगमध्ये आहे, क्राफ्ट्स थ्री म्हणतात तिला, भिंतीला ही एवढाली गोल भोकं आणि त्यातून समोरची दरी दिसते. जेवण त्यांचं त्यांच्या पद्धतीचं, बीन्स, सॅलड, ब्रेड. मी ठेचा नेलेला, पहिल्याच आठवड्यात संपला कारण बाकीच्यांनीच संपवला.

झाडू मारावाच लागतो, भांडी पण घासावी लागतात, बागेत पण पाठवतात. ज्याला फक्त डिझाइन करायचंय त्यानं जाऊ नये. पण हो, बांधायला मिळतं, आणि ज्यासाठी ती जागा प्रसिद्ध आहे ते सिल्ट कास्टिंग एकदा तरी करायला मिळावं म्हणून तू हट्ट धर. नदीकाठची बारीक गाळाची माती आणून तिचा ढीग करायचा, पाणी मारून चोपायची, थापीनं हवा तो आकार द्यायचा. मग त्यावर खिळ्यानं, चमच्यानं, हाताला येईल त्यानं नक्षी कोरायची, वरून रंगाची पूड भुरभुरायची. मग सळ्या बांधायच्या आणि काँक्रीट ओतायचं. काँक्रीट आवळलं की खालची माती उकरून काढायची आणि मग पहिल्यांदा तुम्हाला तुमचं काम दिसतं, खालून, आत उभं राहून. तू मातीत जी खाच पाडलीस ती काँक्रीटवर उंचवटा होऊन येते, जो उंचवटा ठेवलास तिथं खोलगा येतो, आणि रंग काँक्रीटच्या अंगात मुरलेला असतो. सगळं उलटं डोक्यात धरून काम करायचं. मी कॉलेजात पाच वर्षं सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं) काढत होते पण घुमटाचं पोट कसं असतं हे मला त्या मातीच्या ढिगावर गुडघे टेकून बसल्यावर कळलं.

तुझ्या बाबांना सांग की यात प्लायवूड नाही, बल्ल्या नाहीत, सेंट्रिंगच नाही. ते ऐकून ते स्वतःच यायला निघतील नाहीतर तुला घराबाहेर काढतील 😄

शिरोलीचा_ओतारी:

वरच्या ताईंनी लय भारी सांगितलं. मी काय तिकडं गेलो नाही पण माझी फौंड्री आहे त्यामुळं त्या लोकांच्या घंटांचे व्हिडिओ मी रात्री जागून बघितलेत, बायको म्हणते दिवसभर तेच करता अन् रात्री पण तेच बघता.

भावा, एक लक्षात घे, ती वसाहत उभी राहिली ती या घंटांच्या पैशावर. सरकारनं नाही दिले, बिल्डरनं नाही दिले. ब्राँझच्या आणि मातीच्या विंडबेल विकायच्या आणि तो पैसा बांधकामात घालायचा, असं पन्नास वर्षं चाललंय. आणि ब्राँझच्या घंटेचं काम म्हणजे आपल्या उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या चाललंय तेच, वाळू ठोकून साचा करायचा, आतला पॅटर्न, म्हणजे घंटेचा नमुना, काढून घ्यायचा, रस ओतायचा. फरक एवढाच की आमचं बिडाचं काम, रस चौदाशे डिग्रीच्या आसपास ओतायचा, त्यांचं ब्राँझ अकराशेच्या आसपास. आणि आमच्या कास्टिंगवर नखाएवढा ओरखडा आला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं, त्यांच्याकडं पोरगं वाळूवर बोटानं रेघा मारतंय आणि तीच डिझाइन म्हणून विकली जातीय. जळतो मी, खरं सांगतो.

मातीच्या घंटांची पद्धत अजून भारी. ओल्या गाळात खड्डा करायचा आणि त्यात पातळ केलेली चिकणमाती ओतायची. बाजूचा गाळ पाणी शोषतो, कडेनं मातीचा थर धरतो, पाहिजे तेवढा जाड झाला की मधलं पातळ काढून घ्यायचं. आत राहते ती घंटा. आपल्या बापट कॅम्पात शाडूच्या मूर्तीला प्लास्टरचा साचा असतो तो पण असाच पाणी ओढतो, तत्त्व तेच, फक्त इथं साचा एकदाच वापरायचा.

आणि फौंड्री बसवलीय कुठं बघ. दक्षिणेला उघडा अर्धा कापलेला घुमट आहे, त्याच्या खाली. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा घुमटाची सावली पडते, हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा ऊन थेट आत येतं. पंखा नाही, खर्च नाही. आणि त्या घुमटाच्या कडेनं लोकांची राहायची घरं! आमच्याकडं भट्टीच्या शेजारी घर म्हटलं तर पोल्यूशनवाले येऊन सील ठोकतील, मी पण भट्टीशेजारी घर बांधा म्हणणार नाही. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पोरं काम करतात तेव्हा मला तो घुमट आठवतो. पत्र्याचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं एवढा विचार जरी आपण केला असता तरी निम्मा त्रास कमी झाला असता.

एक्स्ट्रा_कट_द्या:

सगळे कौतुकच करायलेत म्हणून मी जरा मीठ टाकतो. पाच हजार माणसांचं शहर करणार होते. पन्नास वर्षांच्या वर झाली, आज तिथं कायमची राहणारी शंभर माणसं पण नाहीत. आठ हजारांवर लोक येऊन राबून गेले आणि उभ्या राहिल्या किती तर हातावर मोजण्याएवढ्या इमारती. आमच्या कॉलनीतला बिल्डर तेवढ्या काळात तीन तालुके बांधून काढेल (वाईट बांधेल, तो भाग वेगळा). गाडी नको म्हणणारं गाव, पण तिथं पोचायला हायवेनं गाडीच लागते, किराणा आणायला पण गाडीच. काम करायला स्वस्तातली पोरं, त्यातली निम्मी फी भरणारी. आणि सोलेरी म्हणजे देवमाणूस असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच्या मुलीनं २०१७ साली स्वतः जाहीरपणे काय लिहिलंय ते वाचावं, लैंगिक अत्याचाराचे आरोप आहेत बापावर. तो २०१३ ला वारला. मी जाऊ नको म्हणत नाही, डोळे उघडे ठेवून जा.

आजरा_ते_अ‍ॅरिझोना:

@एक्स्ट्रा_कट, मुलीनं लिहिलेलं मी वाचलंय आणि ते बाजूला सारून जागेबद्दल बोलता येत नाही हे मान्य. मी गेले तेव्हा हे काही माहीत नव्हतं, आज गेले असते तर प्रत्येक भिंतीकडं बघताना ते डोक्यात राहिलं असतं.

शहराचं पण बरोबर आहे, शहर काही झालं नाही. कारण साधं आहे, घंटा विकून शहर होत नाही, आणि पाच हजार माणसांना पोट भरायला जो रोजगार लागतो तो त्या माळावर नाही. संध्याकाळी नाटकाच्या अ‍ॅम्फीथिएटरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही यावरच भांडायचो आणि तिथं दहा-पंधरा वर्षं राहिलेली माणसं सगळ्यात कडक टीका करायची. एक बाई म्हणायच्या की आम्ही गाव नाही, आम्ही कधीच न संपणारी साइट आहोत. हे त्या वैतागून म्हणायच्या की प्रेमानं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण शिकणाऱ्याला न संपणारी साइट म्हणजे चैन आहे हो. आपल्याकडं विद्यार्थ्याला साइटवर हेल्मेट घालून फोटो काढून परत पाठवतात.

फी भरून राबण्याचा मुद्दा मात्र मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो. ज्याच्या घरी पैसे आहेत तोच जाऊ शकतो.

मातीची_वीट:

मग इतक्या लांब कशाला जायचं? ऑरोविल नावाची अशीच वसाहत आहे की पाँडिचेरीजवळ, १९६८ पासून. तिथं पण पन्नास हजारांचं शहर होणार होतं आणि झालेलं नाही, त्यामुळं एक्स्ट्रा कटवाल्यांना तिथंही मीठ टाकायला जागा आहे. सुरुवातीला ते पण उजाड लाल माळरानच होतं, झाडं नव्हती, लोकांनी आधी बांध घातले, पाणी जिरवलं आणि झाडं लावली, मग घरं. तिथलं अर्थ इन्स्टिट्यूट दाबलेल्या मातीच्या विटा शिकवतं, मातीत साधारण पाच टक्के सिमेंट घालून हातप्रेसमध्ये दाबायच्या, भट्टी नाही, जळण नाही, महिनाभर ओल धरून ठेवायची की झाल्या. त्याच विटांच्या कमानी आणि घुमट सेंट्रिंगशिवाय बांधायला शिकवतात. व्हिसा नको, कोल्हापूरहून ट्रेन-बस करत पोचशील, आणि जे शिकशील ते गडहिंग्लज-चंदगडच्या मातीत उद्या करून बघता येईल.

गाळाच्या साच्यावर काँक्रीट हे आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत विसरायचं. पंचगंगेचा गाळ हवा तेवढा मिळेल, पण तो ढीग एका रात्रीच्या पावसात परत पंचगंगेत जाईल.

तटाकडचा_आर्किटेक्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोण लिहील वाटलं नव्हतं. बाबांना सेंट्रिंग नाही हा भाग वाचून दाखवला. आधी म्हणाले खोटं आहे, मग म्हणाले माती काढताना वरचा लोड कुठं जातो, मग कागद घेऊन बसले आणि आता माझ्यापेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त आहेत. पहिला प्रश्न, काँक्रीट मातीला चिकटत नाही का? मध्ये काही लावतात का?

ठरवलंय असं की दिवाळीनंतर आधी ऑरोविलचा छोटा कोर्स करतो, आणि आर्कोसांतीला फी आणि व्हिसाचं विचारून ईमेल टाकतो, उत्तर काय येतं बघू. ओतारी दादा, तोपर्यंत तुमच्याकडं येऊन साचा ठोकायला शिकलो तर चालेल का? फुकट राबायची तयारी आहे, फी मात्र मागू नका.

आजरा_ते_अ‍ॅरिझोना:

बाबांना सांग की थोडी माती चिकटतेच, ती नंतर ब्रश आणि पाण्यानं धुऊन काढायची, राहिलेला खडबडीतपणा तसाच ठेवतात, तेच त्या भिंतींचं रंगरूप. आणि लोड घुमटाचा घुमटच घेतो, पण काँक्रीट पुरतं आवळल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, यात घाई करणारा कुणीच तिथं टिकत नाही.

शिरोलीचा_ओतारी:

ये की. सोमवार सोडून कधीपण, सोमवारी सुट्टी असते. सकाळी आठच्या आत ये म्हणजे मोल्डिंग बघायला मिळेल, रस दुपारी काढतो. सुती कपडे घाल, नायलॉनचा टी-शर्ट घालून आलास तर गेटवरनंच परत. बाबांना पण घेऊन ये, चहा माझ्याकडनं.